मार्चअखेर

सरकारचा मार्चअखेर असतो, तसा माझापण.
पाडव्याच्या आत जुनी वही मिटायची.
उदबत्तीच्या पुड्याचा कागद खूण म्हणून घातलेलं पान उघडतो
आणि डबे मोजतो.
मागल्या साली रोजचे एकशे चौऱ्याऐंशी,
औंदा एकशे सदुसष्ट.

कुठले वाढले, कुठले गेले, मला तोंडपाठ आहे.

उद्यमनगरात शिंत्र्यांच्या शॉपमध्ये सात लेथ होत्या.
सात लेथ, सात डबे, आणि सातव्यात
कायम एक भाकरी जादा,
रावसो मगदूमला तेवढी लागायचीच.
आता तिथं एकच मशीन, काचेच्या दारामागं,
एसीत असतं.
एक पोरगं बटण दाबतं आणि मोबाइल बघत बसतं.
त्याला दोन चपात्या, बिनतेलाच्या.
मशीनला भूक नसते म्हणतात.
लाइटबिल किती येतं ते शिंत्रे मालकांना विचारा.

शिरोलीच्या फौंड्रीत मात्र अकरा वाढले.
सगळे ओडिशाचे.
पहिले पंधरा दिवस भाकरी आली तशी परत,
तुकडासुद्धा मोडलेला नाही.
मग त्रिलोचन म्हणून एक आहे, त्यानं हातवारे करून शिकवलं:
रात्रीचा भात, त्यात पाणी, वर कांदा.
दिवसभर भट्टीपाशी उभं राहायचं
तर पोटात काहीतरी गार पाहिजे.
पण तांबडा रस्सा दिला की
तेसुद्धा डबा पुसून पाठवतात. हेपण वहीत आहे.

गुजरीतले तीन कमी.
चांदी वर चढली, कारागीर जिना उतरून गेले.
गुळाच्या अडतीवर आठ हमाल जेवायचे, आता तीन,
तेपण सीझनपुरते.

इंजिनच्या पार्टचा एक कारखाना उठून कागलला गेला.
चौदा डबे एका सोमवारात बंद.
तिथं कँटीन आहे, ताट आहे, शुक्रवारी गोड आहे.
म्हणजे ती चौदा माणसं कुठं गेली नाहीत,
फक्त माझ्या वहीतनं गेली.
असं किती जणांच्या वह्यांत होत असेल.

टेंबलाईवाडीला नव्या इमारतीत
जूनमध्ये बावीस पोरंपोरी बसली,
रात्रभर कानाला यंत्र लावून
परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायला.
त्यांचा डबा रात्री अकराला जायचा.
दिवाळीत बावीसचे नऊ झाले. संक्रांतीला कुलूप.
"मावशी, आता कम्प्युटर स्वतःच बोलतो," म्हणाली एक.
बोलू दे की.
चार हजार दोनशे येणं आहे, तेवढं
त्यालाच घेऊन पाठवा म्हटलं.
वर्षाच्या बेरजेत ती बावीस कुठंच दिसत नाहीत.
आली पण नाहीत, गेली पण नाहीत.

काल एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
"मावशी, तुमच्याकडं कामाला किती?"
म्हटलं, चौघी. शमशाद मुल्लाणी भाकरी थापते,
कांचन आणि तिची जाऊ भाज्या बघतात,
भांड्याला इंदुबाई.
"नोंदणी आहे?"
शमशादनं तव्यावरची भाकरी उलटली.
त्यानं रकान्यात शून्य टाकलं.
वाईट वाटलं असणार त्याला, उठेना.
मग कळलं, त्याचंपण काम अकराच महिन्यांचं,
राहायला राजारामपुरीत, चौघांत एक खोली,
गाव तिकडं गडहिंग्लजच्या पुढं.

"डबा कितीला पडतो?" जाताना विचारलं.

एकशे अडुसष्ट.

रिकामा डबा शोधला तर रावसोचाच हाताला आला.
झाकणावर खिळ्यानं कोरलंय, रा. मगदूम,
घासून जात नाही ते.
रावसो आता पाठीवर लाल पेटी लावून
दुसऱ्यांची जेवणं पोचवतो, पन्नाशीत.
सिग्नलला दिसला तर हात करतो.

पोरगा म्हणाला, भाकरी एकच पुरे.
दोन घातल्या.